विषाचा हिशेब अंड्यात

तळ्यावर पक्ष्यांचे थवे उतरले की तळे निरोगी आहे, असे आपण धरून चालतो. हिवाळी पाहुणे आले, गेल्या वर्षीपेक्षा जास्त आले, अशा बातम्या वाचल्या की पाण्याबद्दलची काळजीही मिटते. ज्यांचे एवढ्याने समाधान होत नाही ते पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवालातला आकडा मर्यादेच्या आत आहे की बाहेर, यावर निकाल देतात. पक्षी मोजणे आणि पाणी तपासणे ही दोन्ही कामे हवीतच. पण पाणपक्ष्यांना विषबाधा होते आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून फार उशिरा मिळते आणि कधी कधी चुकीचे मिळते. ते वेळेवर मिळण्याची जागा तिसरीच आहे, ती म्हणजे पक्ष्याचे अंडे. या म्हणण्याला गेल्या सत्तर वर्षांतल्या घटनांचा भक्कम आधार आहे. त्यांतल्या सर्वांत बोलक्या घटना अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घडल्या. तिथले पाणी जगात सर्वांत विषारी होते असे काही नाही. तिथे पक्ष्यांची वीण फसली तेव्हा कोणीतरी न उबलेली अंडी फोडून पाहिली आणि आत काय दिसले ते छापले, एवढाच फरक.

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्याचा पश्चिम भाग मुळात कोरडा. कालव्यांचे पाणी आले तशी शेती बहरली, पण जमिनीखाली चिकणमातीचे थर असल्यामुळे दिलेले पाणी मुरेना. पाण्याची पातळी वर चढू लागली आणि क्षार मुळांपाशी साचू लागले. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसकरी शेतकऱ्याला हे दुखणे समजावून सांगायला नको. क्षारपड जमीन आणि तिच्यावरचा उपाय म्हणून जमिनीखाली घातलेले सच्छिद्र पाइप कृष्णाकाठाला चांगले ओळखीचे आहेत. कॅलिफोर्नियातही तोच उपाय झाला. निचऱ्याचे पाणी वाहून न्यायला सॅन लुइस ड्रेन नावाचा काँक्रीटचा कालवा खणला गेला. तो उत्तरेला नद्यांच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत न्यायचा बेत होता. पण पैसा कमी पडला, तिकडच्या पाण्याचे काय होईल म्हणून हरकती आल्या, आणि सुमारे १३७ किलोमीटरवर केस्टरसन येथे, बारा उथळ तळ्यांपाशी, तो थांबला. ही तळी केंद्र सरकारच्या वन्यजीव आश्रयस्थानाचा भाग होती. कागदावर दोघांचेही भले होते: शेताला निचरा आणि पक्ष्याला पाणी. ज्या खोऱ्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळी शेतीखाली गेल्या होत्या तिथे पक्ष्यांनी ही तळी चटकन आपलीशी केली यात नवल नाही. १९८१ पर्यंत तिथे येणारे जवळजवळ सगळे पाणी शेतातल्या निचऱ्याचेच होते.

पहिली खूण माशांनी दिली. १९८२ मध्ये तळ्यांत पाहणी झाली तेव्हा डास खाणारा गम्बुसिया तेवढा शिल्लक होता, बाकीच्या जाती दिसेनाशा झाल्या होत्या. त्या गम्बुसियाच्या शरीरात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य इतर ठिकाणच्या माशांच्या सुमारे शंभर पट निघाले. पुढच्या वर्षी, १९८३ च्या विणीच्या हंगामात, अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेतले हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांची पाहणी केली. घरटी होती आपल्याकडच्या वारकरी, शेकाट्या, टिबुकली यांच्या अमेरिकन भाऊबंदांची, वर वळलेल्या चोचीच्या ॲव्होसेटची आणि बदकांची. अंडी उबण्याच्या बेतात येईपर्यंत ज्यांच्यावर लक्ष ठेवता आले अशी घरटी होती ३४७. त्यांतल्या ४०.६ टक्के घरट्यांत निदान एक पिल्लू अंड्यातच मेलेले होते आणि १९.६ टक्के घरट्यांत निदान एक पिल्लू किंवा भ्रूण वरवर पाहताही कळेल असा विकृत होता. डोळे नाहीत, चोच अर्धवट, पंख किंवा पाय नाहीत, काहींचा मेंदू कवटीबाहेर आलेला. एकाच पिल्लात यांतल्या दोन-तीन विकृती एकत्र सापडत. जवळच व्होल्टा नावाची दुसरी पाणथळ होती, जिथे निचऱ्याचे पाणी जात नव्हते. तिच्याशी तुलना केली तेव्हा केस्टरसनच्या वनस्पती, कीटक आणि मासे यांत सेलेनियम १२ ते १३० पट जास्त भरले.

हे सेलेनियम कोणत्या कारखान्यातून आले नव्हते. खोऱ्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत प्राचीन समुद्रतळाच्या गाळाचे खडक आहेत आणि त्या खडकांत ते मुळातच असते. कोट्यवधी वर्षे ते जागच्या जागी, किंवा फार सावकाश झिरपत, राहिले असते. सिंचनाने ते विरघळवले, पाइपांनी गोळा केले, कालव्याने एका जागी आणून ओतले आणि उन्हाने पाणी आटवून घट्ट केले. (आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याचा आहे, सागरी गाळाचा नाही, त्यामुळे कृष्णाकाठच्या निचऱ्यात हेच विष असेल असा तर्क कोणी काढू नये. तो तपासून ठरवायचा प्रश्न आहे.) इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो तेव्हाही आला: सेलेनियम तर नैसर्गिक आहे, शिवाय पोषक आहे. ते अगदी थोड्या प्रमाणात माणसालाही लागते आणि जनावरांच्या खाद्यातही मिसळतात. हे खरेच आहे. पण सेलेनियमचा धोकाही त्याच्या या पोषक असण्यातूनच येतो. रासायनिकदृष्ट्या ते गंधकाचे सख्खे भावंड आहे. वनस्पती आणि सूक्ष्मजीव गंधकाच्या जागी त्याला प्रथिनांत बसवतात आणि पक्ष्याचे शरीरही त्याला परके समजून बाहेर टाकत नाही. मादी अंड्यासाठी प्रथिने तयार करते तेव्हा गंधकाच्या जागी बसलेले सेलेनियम त्यांच्याबरोबर अंड्याच्या पांढऱ्यात जाते. पोषक मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर इतके थोडे आहे की अन्नसाखळीतल्या दोन-तीन पायऱ्या चढताच ते ओलांडले जाते.

अन्नसाखळीची ही चढण किती उभी असते ते आधीच एकदा दिसले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला क्लिअर लेक नावाचा मोठा तलाव आहे. तिथे चिलटांचा उपद्रव फार. ती चावतही नसत, पण किनाऱ्यावरच्या लोकांना आणि सहलीला येणाऱ्यांना नकोशी होत. म्हणून १९४९ मध्ये, आणि पुन्हा १९५४ व १९५७ मध्ये, तलावात डीडीडी हे कीटकनाशक सोडले. ते डीडीटीच्या जवळचे, पण माशांना कमी घातक म्हणून मुद्दाम निवडलेले. मात्राही जपून ठरवली होती. दुसऱ्या वेळी ती पाण्याच्या पाच कोटी भागांत एक भाग, इतकी विरळ होती. पाण्याच्या अहवालावर बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्या फवारणीनंतर पाच वर्षांनी तलावावरचे ग्रीब, म्हणजे टिबुकलीच्याच कुळातले पण लांब मानेचे मासेखाऊ पक्षी, शेकड्याने मरू लागले. संसर्गजन्य रोग शोधून झाला, तो सापडला नाही. मग चरबी तपासली, तेव्हा तिच्यात दहा लाख भागांत १६०० भाग डीडीडी निघाले. पाण्यात जे होते त्याच्या हे ऐंशी हजार पट. पाण्यातून शेवाळ आणि सूक्ष्मजीव, त्यांतून छोटे मासे, त्यांतून मोठे मासे, आणि त्यांतून पक्षी. तलावावर पूर्वी हजारावर जोड्या होत्या, १९६० पर्यंत तीसेक उरल्या, आणि त्यांच्याही घरट्यांत पिल्ले दिसेनात. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकिकत घेतली आणि ती जगभर गेली. पण तिची आठवण बहुतेक वेळा मेलेल्या ग्रीबसाठी काढली जाते. जिवंत राहिलेल्या जोड्या वर्षानुवर्षे रिकाम्या घरट्यांवर बसत राहिल्या, ही बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मेलेला पक्षी काठावर दिसतो तरी. न जन्मलेल्या पिल्लाची कुठे नोंद होत नाही.

विष अंड्यापर्यंत का पोहोचते, याचे कारण पक्ष्याच्या शरीररचनेत आहे. सस्तन मादी गर्भाला कित्येक आठवडे किंवा महिने थोडे थोडे पोषण देते. पक्षिणीला मात्र पिल्लाची सगळी शिदोरी काही दिवसांत एका कवचात भरून मोकळे व्हावे लागते. त्यासाठी ती आपल्या शरीरातली चरबी, प्रथिने आणि कॅल्शियम उपसते, आणि त्यांच्या आधाराने साठलेले विषही त्यांच्याबरोबर उपसले जाते. चरबीत विरघळणारी डीडीटी-कुळातली द्रव्ये आणि विद्युत-यंत्रांच्या तेलात पूर्वी वापरली जाणारी पीसीबी बलकात जातात, तर सेलेनियम आणि मिथिल-पारा मुख्यतः पांढऱ्यात जातात. आईचे यकृत, आईचे मूत्रपिंड या विषाशी काही काळ झुंजू शकतात. आत वाढणाऱ्या भ्रूणाचे अवयव अजून घडायचे असतात, बाहेर टाकायला वाट नसते, आणि पेशी सर्वांत वेगाने वाढत असतात त्याच दिवसांत तो विषाच्या सान्निध्यात असतो. म्हणून ज्या मात्रेत आई चरते, उडते, जोडी जमवते, त्याच मात्रेत पिल्लू कवचातच संपू शकते. केस्टरसनला काही प्रौढ वारकरीही खंगले, त्यांची पिसे झडली, काही मेले. प्रौढांना अपाय झालाच नाही असे नाही. पण अंड्यांतल्या विध्वंसाशी त्याची तुलना होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. निचऱ्याच्या पाण्यात सेलेनियमच होते असे नाही, तर भरपूर मीठ होते, बोरॉन होते. घरटी फसायला शिकारी प्राणी, उष्णता, रोग अशी दहा कारणे असतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे कसे म्हणायचे? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पिंजऱ्यातल्या बदकांनी दिले. मेरीलँडमधल्या पटक्सेंट येथील वन्यजीव संशोधन केंद्रात गॅरी हाइन्झ आणि सहकाऱ्यांनी मॅलार्ड बदकांना स्वच्छ पाणी आणि नेहमीचे खाद्य दिले, फक्त खाद्यात सेलेनियम ठरावीक मात्रेत मिसळले. दहा लाखांत दहा भाग एवढ्या मात्रेलाही अंड्यांतली पिल्ले विकृत निघाली आणि उबण्याचे प्रमाण घटले. मीठ नव्हते, शिकारी नव्हते, उन्हाळा नव्हता. खरे तर इतके लांब जायचीही गरज नव्हती. १९३० च्या दशकात साउथ डकोटा राज्यात सेलेनियमयुक्त जमिनीतले धान्य खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी उबत नाहीत आणि आतली पिल्ले विद्रूप निघतात, हे तिथल्या संशोधकांनी लिहून ठेवले होते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे ज्ञान पोल्ट्रीच्या खात्यात पडून होते आणि कालवा बांधणारे खाते वेगळे होते. सरकारी खाती एकमेकांची कागदपत्रे वाचत नाहीत, ही तक्रार फक्त आपलीच आहे असे समजू नये.

प्रत्येक विष भ्रूणाला विकृतच करते असे नाही. डीडीटीची मोडतोड होऊन शरीरात डीडीई हे द्रव्य बनते. ते मादीच्या कवचग्रंथीत कॅल्शियम पोहोचण्याच्या क्रियेत अडथळा आणते, कवच पातळ होते आणि आईबाप उबवायला बसले की अंडे त्यांच्याच भाराने फुटते. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्रहालयांतली आणि संग्राहकांकडची ससाण्यांची जुनी अंडी मोजून दाखवले की १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे डीडीटी वापरात आल्याबरोबर, कवचे अचानक पातळ झाली. अमेरिकेत जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन यांना १९६८ मध्ये मासेखाऊ पक्ष्यांतही तेच आढळले. सर्वांत भयंकर आकडा मात्र कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या अनाकापा बेटावरचा. तिथे तपकिरी पेलिकन, म्हणजे झोळीवाले, वसाहत करतात. १९७० मध्ये त्यांनी ५५२ वेळा घरट्याचा प्रयत्न केला. उडण्याच्या वयापर्यंत पोहोचले एक पिल्लू. त्या काळात डीडीटीचे समर्थक कोंबड्या आणि लाव्ह्यांवरचे प्रयोग पुढे करत: इतके डीडीटी चारूनही कवच जसेच्या तसे राहते, मग पेलिकनचे कवच पातळ होण्यामागे दुसरे काही असणार. प्रयोग खोटे नव्हते. पण कोंबडीचे कुळ डीडीईला जवळजवळ दाद देत नाही, बदके आणि शिकरेवर्गीय पक्षी देतात, हे त्याच सुमारास मॅलार्ड आणि केस्ट्रेल यांना डीडीई चारून सिद्ध झाले. पेलिकन तर सर्वांत नाजूक ठरला: अंड्यात दहा लाखांत तीनेक भाग डीडीई असले की त्याची वीण कोलमडते. जे विष कोंबडीला पचते ते सगळ्या पक्ष्यांना पचेल, हे गृहीतच चुकीचे होते, आणि प्रत्येक जातीचे अंडे वेगळे का तपासावे लागते हेही इथे कळते.

डीडीटीबद्दल बोलताना तिसरा आक्षेप हमखास निघतो: त्याने हिवतापापासून लाखो माणसे वाचवली, पेलिकनसाठी ती मरू द्यायची का? डीडीटीने माणसे वाचवली याबद्दल वाद नाही. पण अनाकापाच्या पेलिकनच्या पोटात गेलेले डीडीटी कोणाच्या घराच्या भिंतीवर डासांसाठी मारलेले नव्हते. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथे माँट्रोज केमिकल कंपनीचा डीडीटीचा कारखाना होता. त्याचा स्राव वर्षानुवर्षे शहराच्या सांडपाण्याच्या नळातून समुद्रात जात होता, आणि समुद्रतळाच्या गाळातून छोट्या माशांत व माशांतून पेलिकनमध्ये चढत होता. तो नळ बंद केल्याने जगातला एकही रुग्ण औषधावाचून राहिला नसता. १९७० मध्ये नळजोड तोडला गेला, १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीसाठीचे डीडीटी बंद केले, चार-पाच वर्षांत पेलिकनची पिल्ले पुन्हा दिसू लागली आणि २००९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त जातींच्या अमेरिकन यादीतून बाहेर आला. मानवी हित आणि पक्ष्यांचे हित यांच्यातला संघर्ष सांगितला जातो तेव्हा, बहुतेक वेळा, सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी करायचा एवढाच वाद खरा असतो.

केस्टरसनचे प्रकरण याहून अवघड होते हे मान्य करायला हवे. तिथे शेतकऱ्याच्या जमिनीचा निचरा खरोखर अडत होता. १९८५ मध्ये केंद्राच्या अंतर्गत खात्याने तळी बंद करण्याचे जाहीर केले, १९८६ पर्यंत पाणी थांबले आणि १९८८ मध्ये सखल भाग मातीने बुजवले. ज्या खोऱ्यात पाणथळींचा दुष्काळ तिथे पक्ष्यांसाठीची तळी मातीने बुजवावी लागली, याहून कडू निर्णय कोणता? निचऱ्याचा प्रश्न काही सुटला नाही. खोऱ्याच्या दक्षिणेकडे शेतकऱ्यांनी खाजगी बाष्पीभवन तलाव केले होते, तिथेही शेकाट्या आणि ॲव्होसेटची विकृत पिल्ले निघाली. मग त्या तलावांचे काठ उभे करून, पक्ष्यांना हुसकावून आणि शेजारी स्वच्छ पाण्याच्या पर्यायी पाणथळी करून नुकसान कमी करावे लागले. हे उपाय करता आले, कारण कोणत्या तलावातल्या अंड्यांत किती सेलेनियम आहे, हे तोपर्यंत मोजले जात होते.

चौथा आक्षेप पक्षीप्रेमींचा आहे, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड, कारण तो आनंदातून येतो: विष असते तर इतके पक्षी आले असते का? पाणपक्षी बरेच दीर्घायुषी असतात. पेलिकन, बगळे, बलाक, रोहित कित्येक वर्षे, काही दशके जगतात. एखाद्या वसाहतीत सलग आठ-दहा वर्षे एकही पिल्लू मोठे झाले नाही तरी तळ्यावर प्रौढ पक्षी दिसतच राहतात, आणि गणनेचा आकडा जेव्हा कोसळतो तेव्हा सावरायला हाताशी तरुण पिढी नसते. शिवाय नुकसान कवचापर्यंतही पोहोचावे लागत नाही. फ्लोरिडात पांढऱ्या शराटींना तीन वर्षे खाद्यातून मिथिल-पारा अगदी कमी, निसर्गात सापडेल अशा मात्रेत दिला गेला. पक्षी मेले नाहीत, आजारी दिसले नाहीत. नरांचे प्रियाराधन मात्र बिघडले, अनेक नरांनी नरांशीच जोड्या जमवल्या आणि एकूण पिल्ले घटली. अशा थव्याचे हिवाळ्यात छायाचित्र काढले तर ते निरोगी थव्यासारखेच येईल. मुंबईकरांना याचा अर्थ चटकन कळेल असे ठाण्याच्या खाडीत घडते. तिथे दरवर्षी हजारोंनी रोहित येतात, आणि शहराच्या सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ हे त्यांना मिळणाऱ्या विपुल खाद्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे थवे आले याचा अर्थ खाणे मिळाले. ते खाणे कसले आहे, हे थव्यावरून कळत नाही. आणि खाडीत ते घरटी करत नाहीत; अंडी घालतात कच्छच्या रणात. खाडीच्या गाळातून काही अपाय होत असलाच तर त्याची खूण शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्या राज्यात उमटेल. तो होतो आहे असे माझे म्हणणे नाही. पुलावरून गुलाबी थवा दिसतो म्हणून तो होत नाही, हे म्हणणे मात्र टिकणारे नाही.

शिसे या सगळ्याला अपवाद आहे, आणि तो लपवणे बरे नव्हे. शिकारीच्या काडतुसातले छर्रे तळ्याच्या गाळात पडतात, बदके वाळूचे खडे समजून ते गिळतात, पेषणीत ते दळले जातात आणि पक्षी स्वतःच अशक्त होऊन मरतो. तिथे अंड्यापेक्षा रक्त आणि यकृत तपासणे उपयोगाचे. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद केले, ब्रिटनने हंसांचे मृत्यू पाहून मासेमारीच्या गळाची शिशाची छोटी वजने १९८७ मध्ये बंद केली, युरोपीय संघाने पाणथळींत शिशाच्या छर्‍यांनी होणारी शिकार २०२३ मध्ये थांबवली. दरवर्षी पक्षी डोळ्यांदेखत मरत होते, तरी इतका वेळ लागला.

पाण्याच्या मर्यादेचा आकडा का पुरत नाही, हे सेलेनियमच्याच उदाहरणाने पुन्हा पाहू. केस्टरसनच्या तळ्यांत लिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम होते, हा आकडा कोणत्याही मोजपट्टीने मोठाच. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज लेकमध्ये, जिथे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या राखेचे पाणी जात असे, ते लिटरला दहाच्या आसपासच होते, तरी तिथल्या वीस जातींच्या माशांपैकी एकोणीस नाहीशा झाल्या. भारतीय मानक ब्युरोची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला दहाच आहे आणि अमेरिकेची तर पन्नास. म्हणजे माणसाने बिनदिक्कत प्यावे असे पाणी तळ्यात साचले की तिथल्या माशांची वीण बुडवू शकते. यात विसंगती नाही, माणूस ते पाणी पितो. मासा आणि पक्षी त्या पाण्यात वाढलेले सगळे खातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये गोड्या पाण्यातल्या सेलेनियमचे निकष बदलले तेव्हा माशाच्या अंड्यांतले आणि अंडाशयातले प्रमाण पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि पाण्यातले नंतर. साचलेल्या पाण्यासाठी तो दुय्यम आकडाही लिटरला दीड मायक्रोग्रॅम इतका खाली आणला. युटा राज्य त्याच्याही पुढे गेले होते. ग्रेट सॉल्ट लेकच्या गिल्बर्ट बे या भागात मासे नाहीत, पण लक्षावधी पक्षी येतात, म्हणून तिथला निकष थेट पक्ष्याच्या अंड्यावर बांधला: सुक्या वजनाच्या किलोला १२.५ मिलिग्रॅम सेलेनियम. अंड्यांच्या नोंदीचा आणखी एक मोठा फायदा कॅनडाने दाखवला आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ग्रेट लेक्सच्या काठावरच्या कुरव पक्ष्यांची अंडी दरवर्षी नियमाने तपासतात आणि नमुने गोठवून जपतात. त्यामुळे एखादे रसायन आज नव्याने लक्षात आले तरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते तळ्यात होते का, हे मागे जाऊन पाहता येते. पाण्याच्या जुन्या नमुन्यांच्या नुसत्या अहवालांतून हे शक्य नाही, कारण ज्याची चाचणी तेव्हा केलीच नाही ते अहवालात कुठून येणार?

अंडी तपासायची म्हणजे अंडी फोडायची, हा शेवटचा आक्षेप. प्रत्येक घरट्यातून एकच अंडे घेण्याची पद्धत आहे, आणि तेही नको असेल तर न उबता मागे राहिलेली अंडी आणि कवचांचे तुकडे पुष्कळ सांगून जातात. महाराष्ट्रात त्यासाठी जागांचा तोटा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून ज्या उजनीच्या जलाशयात जाते, त्याच्या काठच्या भादलवाडीला चित्रबलाक घरटी करतात. गावोगावच्या वड-चिंचेवर बगळे आणि पाणकावळे यांची सारंगागारे आहेत. हे पक्षी रोहितांसारखे अंडी घालायला दूर जात नाहीत. इथलेच मासे खातात आणि इथेच पिल्ले वाढवतात. सारसांच्या बाबतीत भरतपूरला भारतीय संशोधकांनी आल्ड्रिनची विषबाधा ऊती तपासूनच सिद्ध केली होती, तेव्हा विद्या किंवा प्रयोगशाळा आपल्याकडे नाहीत असेही नाही. वाचकांनी मात्र उत्साहाने झाडाखालची अंडी गोळा करायला जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहेत आणि परवानगीवाचून त्यांना हात लावणे गुन्हा आहे. ते काम वनखात्याने परवानगी देऊन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने पैसा देऊन विद्यापीठांकडून करून घ्यावे. पुढच्या वेळी तुमच्या गावच्या तलावाचा पाणी-अहवाल ‘मर्यादेत’ म्हणून छापून आला, तर तिथल्या किती घरट्यांतली अंडी उबली, एवढे एक वाक्याचे पत्र मंडळाला लिहा.